बर्ड फ्लू : पोल्ट्री फार्मवरील धोक्याची कारणे आणि जैवसुरक्षा

कोंबड्यांच्या बहुतेक रोगांवर काही ना काही उपाय असतो. राणीखेत आणि गंबोरोसाठी लस आहे, रक्ती हगवणीला औषध आहे, सर्दीसारख्या जिवाणूजन्य तक्रारींवर प्रतिजैविके चालतात. घातक प्रकारच्या बर्ड फ्लूला औषध नाही. आपल्याकडे त्यासाठी लसीकरणाचेही धोरण नाही. बाधित भागातील पक्षी मारून पुरणे हाच सरकारी मार्ग आहे. एकदा विषाणू शेडमध्ये शिरला की तुमच्या हातात फारसे काही उरत नाही. जे करायचे ते तो शिरण्याआधी, फाटकावर आणि शेडच्या दारावर करायचे असते.

हे काम महागडे नाही, पण रोज करावे लागते. त्यामुळेच ते मागे पडते. या लेखात विषाणू शेडपर्यंत नेमका कसा पोहोचतो, कोणत्या वाटा सर्वांत धोक्याच्या आहेत, त्या कशा बंद करायच्या आणि संशय आला तर पहिल्या दिवशी काय करायचे हे पाहू.

विषाणूची ओळख

बर्ड फ्लू म्हणजे इन्फ्लुएंझा ‘ए’ गटातील विषाणूंचा पक्ष्यांना होणारा संसर्ग. विषाणूच्या पृष्ठभागावरील ‘एच’ आणि ‘एन’ या दोन प्रथिनांवरून त्याचे उपप्रकार पडतात. त्यांतील ‘एच५’ आणि ‘एच७’ या उपप्रकारांचे काही विषाणू अतिघातक रूप घेतात. भारतात आतापर्यंत मुख्यतः एच५एन१ने आणि २०२०-२१ च्या हंगामात एच५एन८ने नुकसान केले. ‘एच९एन२’ हा सौम्य उपप्रकारही आपल्याकडे आढळतो. त्यात अंडी घटतात, श्वसनाचा त्रास होतो, पण शेड रिकामे होत नाही. या लेखात बर्ड फ्लू म्हटले की अतिघातक प्रकार समजावा.

रानबदके आणि इतर पाणपक्षी हे या विषाणूचे मूळ घर. त्यांच्या आतड्यात तो वाढतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. अनेकदा ते पक्षी आजारी दिसतही नाहीत. कोंबडी मात्र तो सहन करू शकत नाही. बाधित कोंबडीची विष्ठा, नाकातोंडातील स्राव आणि पिसांवरील धूळ या सगळ्यांत विषाणू असतो.

विषाणू शरीराबाहेर किती दिवस टिकतो यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. विष्ठेमध्ये ४ अंश सेल्सिअस तापमानाला तो किमान ३५ दिवस जगू शकतो, तर ३७ अंशांना साधारण ६ दिवस. म्हणजे जानेवारीतल्या थंड, ओलसर लिटरमध्ये त्याला भरपूर वेळ मिळतो आणि एप्रिलच्या उन्हात तो लवकर मरतो. उष्णतेपुढे तो टिकत नाही. ५६ अंशांना ३ तासांत आणि ६० अंशांना अर्ध्या तासात तो निष्क्रिय होतो. त्याच्याभोवती चरबीचे पातळ आवरण असते, त्यामुळे साबण आणि साध्या डिटर्जंटनेही तो मोडतो. इतका नाजूक विषाणू एवढे नुकसान करतो, कारण तो विष्ठेत, चिखलात, ट्रेच्या कोपऱ्यात दडून राहतो आणि आपण त्याला उचलून आत नेतो.

महाराष्ट्रात तो केव्हा आला

देशातील कोंबड्यांमधील पहिला एच५एन१ प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला नोंदवला गेला. तेथे लेयर फार्म एकमेकांना लागून होते. सुरुवातीची मर राणीखेतची समजली गेली. भोपाळच्या प्रयोगशाळेतून निदान येईपर्यंत रोग एका फार्मपुरता उरलेला नव्हता. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, आणि पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील गावांतही रोग आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी आठशेच्या वर कोंबड्या मेल्या आणि अहवाल बर्ड फ्लूचा आला. त्याच हंगामात नवापूरलाही तो पुन्हा दिसला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळ वेहळोली, जानेवारी २०२५ मध्ये रायगडमधील उरण तालुक्यातील चिरनेर. त्याच जानेवारीत लातूर जिल्ह्यातील उदगीरला मेलेल्या कावळ्यांमध्ये एच५एन१ सापडला.

तारखा पाहिल्या तर सगळ्या जानेवारी ते मार्चच्या आहेत. मध्य आशियातून येणारे पाणपक्षी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आपल्या जलाशयांवर असतात, आणि याच काळात हवा थंड असते. दोन्ही गोष्टी विषाणूच्या बाजूच्या. म्हणून जैवसुरक्षेची दुरुस्ती, जाळ्या आणि फाटकाची कामे दसरा-दिवाळीच्या सुमारास उरकून घ्या. बातमी आल्यावर जाळी शोधायला निघणे उशिराचे असते.

धोका कुठून येतो : पाणी आणि रानपक्षी

नांदूर मध्यमेश्वर, जायकवाडी, उजनी यांसारख्या जलाशयांच्या आसपासच्या फार्मना धोका अधिक, हे उघड आहे. पण मोठे धरण जवळ नसले तरी निर्धास्त राहू नका. गावतळी, पाझर तलाव आणि आता जवळपास प्रत्येक गावात असलेली शेततळी यांवर चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे पक्षी उतरतात. कोंबड्यांना पिण्याचे पाणी थेट शेततळ्यातून किंवा कालव्यातून येत असेल, तर तुम्ही रानबदकाची विष्ठा नळाने शेडमध्ये नेत आहात असे समजा.

पाणी शक्यतो बोअरवेलचे किंवा झाकलेल्या विहिरीचे घ्या. उघड्या स्रोताला पर्याय नसेल तर आधी गाळून टाकीत घ्या आणि क्लोरीन द्या. ३० ते ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी ब्लीचिंग पावडर १००० लिटरला साधारण १० ग्रॅम टाकली की ३ पीपीएम क्लोरीन मिळते. बादलीत कालवून वरचे निवळ पाणी टाकीत ओता आणि किमान अर्धा तास थांबून मग पाणी सोडा. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच संपते, म्हणून गाळणे आधी. एक गोष्ट अनेकांच्या लक्षात राहत नाही : लासोटासारखी जिवंत लस पाण्यातून द्यायची असेल त्या दिवशी क्लोरीन बंद ठेवा, नाहीतर लसच मरेल आणि राणीखेतचे संकट ओढवून घ्याल. टाकीला झाकण हवे. उघड्या टाकीच्या काठावर कावळे बसलेले तुम्हीही पाहिले असतील.

रानबदक थेट शेडमध्ये येत नाही. मधला दलाल म्हणजे कावळा, चिमणी, साळुंकी, पारवा. कावळा मेलेली कोंबडी उचलतो, पुढच्या शेतात टाकतो आणि स्वतःही मरतो. म्हणून मेलेले पक्षी नाल्यात किंवा रस्त्याकडेला फेकणे ही शेजाऱ्याच्या फार्मवर रोग धाडण्याची सर्वांत खात्रीची पद्धत आहे. मरतूक रोज खोल, झाकण असलेल्या खड्ड्यात जायला हवी. वर चुना आणि माती. कुत्र्यांना खड्डा उकरता येऊ नये.

शेडच्या जाळीची भोके पाऊण इंचापेक्षा मोठी नकोत. जाळी अखंड असली तरी छत आणि भिंत यांच्यामधली फट, एक्झॉस्ट फॅनची चौकट, तुटलेला पत्रा यांतून चिमण्या येतात. एकदा दुपारी शेडमध्ये उभे राहून वर पाहा; उजेड जिथून येतो तिथून पक्षीही येतो. सांडलेले खाद्य रोज झाडा, गोदामातील फाटकी पोती बदला, शेडला लागून फळझाडे लावू नका.

सर्वांत मोठी वाट : माणसे, गाड्या, क्रेट आणि ट्रे

बर्ड फ्लू आला की सगळे आकाशाकडे बघतात. पण एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर रोग जातो तो बहुतेक वेळा रस्त्याने. म्हणून एक वही घ्या आणि आठवडाभर तुमच्या फाटकातून आत काय काय येते ते नुसते लिहा. खाद्याची गाडी, अंडी नेणारा टेम्पो, लिफ्टिंगचा पिकअप, कंपनीचा सुपरवायझर, लसीकरण किंवा चोच कापणारी टोळी, डॉक्टर, औषध दुकानाचा माणूस, खत बघायला आलेला शेतकरी, मजुराचा पाहुणा. ही यादी बहुतेकांना वाटते त्यापेक्षा लांब निघते, आणि यातले बरेच जण त्याच दिवशी दुसरा एखादा फार्म करून आलेले असतात.

यात सर्वांत धोक्याची वस्तू म्हणजे बाजारातून परत आलेला रिकामा क्रेट. चिकन सेंटरवर वेगवेगळ्या गावांच्या कोंबड्या एकत्र येतात. तिथून परतलेल्या क्रेटच्या तळाला विष्ठा आणि पिसे चिकटलेली असतात, आणि हे क्रेट आपण रात्री घाईत थेट शेडच्या आत नेऊन रचतो. ब्रॉयलर माल एकदम न उचलता तीन-चार खेपांत दिला जातो तेव्हा प्रत्येक खेपेला ही जोखीम नव्याने घेतली जाते, आणि तेव्हा शेडमध्ये मागे राहिलेले पक्षी असतात. भावासाठी थांबून टप्प्याटप्प्याने माल देण्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण जवळपास कुठे रोगाची बातमी असेल त्या काळात शेड एका दिवसात रिकामे करणे शहाणपणाचे. ते जमत नसेल तर क्रेट आधी फाटकाबाहेर धुवून, निर्जंतुक करून घ्या आणि गाडीवरची माणसे शेडमध्ये न नेता कोंबड्या आपल्या मजुरांकडून दारापर्यंत आणून द्या. व्यापारी कुरकुर करील. करू द्या.

लेयर फार्मवर हीच गोष्ट अंड्यांच्या ट्रेची. कागदी लगद्याचे ट्रे धुता येत नाहीत. ते गावोगावच्या दुकानांतून फिरून परत येतात. शक्य असेल तर प्लास्टिकचे ट्रे वापरा, आपल्या फार्मचे वेगळ्या रंगाचे ठेवा आणि बुडवून धुवा. कागदी ट्रे घ्यायचे तर नवेच घ्या. बाहेरचा ट्रे अंडी गोळा करायला शेडमध्ये जाता कामा नये. त्याची जागा फाटकाजवळच्या खोलीत.

कोंबडखताचे ट्रॅक्टर हा तिसरा मोठा मार्ग. ताजे खत उघड्या ट्रॉलीतून नेले की रस्ताभर सांडत जाते. लिटर बाहेर काढल्यावर शेडपासून दूर ढीग करा, किंचित ओले करून प्लास्टिकने झाका. ढीग आतून तापतो आणि तापलेल्या भागातील विषाणू मरतो. कडा थंड राहतात म्हणून ढीग एकदा पलटून पुन्हा झाका. खत घ्यायला येणारी ट्रॉली दुसऱ्या पोल्ट्रीवरून भरून आली असेल तर ती तुमच्या आवारात येऊ देऊ नका.

आणि शेवटची वाट, जिच्याबद्दल बोलायला अवघड वाटते. शेजारच्या फार्मवर मर सुरू झाल्याचे कळले की आपण बघायला जातो. काळजीपोटी जातो, सल्ला द्यायला जातो, एखादी मेलेली कोंबडी हातात घेऊन चोच उघडून पाहतो आणि त्याच चपलांनी घरी येतो. अशा वेळी फोन करा. त्याला मदत हवी असेल तर गाडी, चुना, डबा पाठवा, पण फाटकाच्या आत जाऊ नका. चुकून गेला असाल तर आंघोळ, कपडे बदलणे आणि किमान ७२ तास स्वतःच्या शेडपासून दूर राहणे एवढे पाळा.

फाटक आणि शेडचे दार

आवाराला कुंपण आणि एकच फाटक असावे, आणि ते बंद असावे. खाद्याचे गोदाम कुंपणाला लागून बांधले तर गाडी बाहेरच उभी करून पोती आत घेता येतात. नवीन शेड बांधताना हा एक बदल केला तर पुढची कित्येक वर्षे त्रास वाचतो. जी गाडी आत येणे भाग आहे तिची चाके आणि चाकांवरची पत्र्याची खोबण आधी पाण्याने धुवा, मग फवारा. चालकाने केबिनमधून उतरू नये, उतरलाच तर तुमच्या चपला घालून.

शेडच्या दारातील फूट बाथबद्दल थोडे स्पष्ट सांगतो. बऱ्याच फार्मवर तो असतो, पण त्यात तीन दिवसांचे काळे पाणी असते. शेण-मातीने भरलेला बूट घाण द्रावणात क्षणभर बुडवल्याने काही साध्य होत नाही. जंतुनाशकाला स्वच्छ पृष्ठभाग आणि वेळ, दोन्ही लागतात. फूट बाथ ठेवायचा तर शेजारी ब्रश आणि पाणी ठेवा, द्रावण रोज बदला, पावसात आणि उन्हात झाका.

त्यापेक्षा स्वस्त आणि माझ्या मते अधिक भरवशाचा उपाय म्हणजे दाराच्या आत दीड-दोन फूट उंचीचा ओटा किंवा आडवी फळी. बाहेरच्या चपला या बाजूला काढायच्या, ओट्यावर बसून पाय पलीकडे टाकायचे आणि पलीकडे ठेवलेले त्या शेडचेच गमबूट घालायचे. बाहेरची चप्पल पलीकडे जात नाही, आतला बूट अलीकडे येत नाही. दोन शेड असतील तर बुटांचे दोन जोड, दोन रंगांचे, म्हणजे चूक लांबूनच दिसते. ओट्याशेजारी साबण, पाणी आणि आत घालायचा एक डगला. खर्च काही हजारांचा. मजुरापासून मालकापर्यंत सगळ्यांना नियम सारखा. मालक स्वतः फळी ओलांडून चपलेसकट आत गेला की दुसऱ्या दिवसापासून कोणीही नियम पाळत नाही.

मजुरांच्या घरी कोंबड्या, बदके, कबुतरे, पोपट नसावेत, हे कामावर घेतानाच सांगा. पण नुसते सांगून भागत नाही. सणाला कोंबडी लागते, अंडी लागतात. ती फार्मवरून द्या, म्हणजे बाहेरून आणण्याची गरज राहणार नाही. आजूबाजूला रोग असताना आठवडी बाजारातून जिवंत कोंबडी आवारात आणणे पूर्ण बंद.

निर्जंतुकीकरणाचा क्रम

आधी कोरडी झाडलोट, मग डिटर्जंटच्या पाण्याने घासणे, मग वाळवणे आणि शेवटी जंतुनाशक. हा क्रम उलटा केला तर पैसे वाया जातात, कारण विष्ठा आणि धूळ जंतुनाशकाची ताकद खाऊन टाकतात. सोडियम हायपोक्लोराइट, ग्लुटराल्डिहाइड, क्वाटर्नरी अमोनियमची संयुगे हे सगळे या विषाणूवर चालतात. प्रमाण लेबलवर दिलेले घ्या, अंदाजाने टोपणे ओतू नका. भिंती आणि जमिनीला चुना. फॉर्मेलिन बंद शेडमध्ये आणि मास्क-चष्मा लावूनच वापरावे. दोन वेगळी जंतुनाशके एकत्र मिसळू नका. विशेषतः ब्लीचमध्ये आम्ल गेले की विषारी वायू निघतो.

बॅच संपल्यावर स्वच्छ केलेले शेड किमान दोन आठवडे रिकामे ठेवा. एका आवारात एकाच वयाचे पक्षी, सगळे एकदम आत आणि सगळे एकदम बाहेर, हा नियम ब्रॉयलरवाल्यांना जमतो. लेयर फार्मवर वेगवेगळ्या वयाचे कळप असतातच. तिथे कामाचा क्रम लहान पक्ष्यांकडून मोठ्यांकडे ठेवा, आणि आजारी वाटणारा शेड दिवसाच्या अगदी शेवटी.

परसातील कोंबड्या

पंधरा-वीस गावरान कोंबड्यांना कुंपण आणि गमबूट शक्य नाहीत, हे मान्य. पण हिवाळ्यात त्यांना तळ्याकाठी, नाल्यात मोकळे सोडू नका. खाद्य-पाणी छपराखाली द्या, कोंबड्या आणि बदके एकत्र ठेवू नका आणि बाजारातून आणलेला नवा पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा. खुराडे घराच्या झोपण्याच्या खोलीत नको. मेलेली कोंबडी कापून खाणे किंवा कुत्र्या-मांजरांना घालणे टाळा. मांसाहारी प्राण्यांनाही हा विषाणू मारतो. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला.

लक्षणे : काय पाहावे

अनेकदा पहिले लक्षण म्हणजे मृत्यूच. संध्याकाळी ठीक दिसलेले पक्षी सकाळी मेलेले आढळतात. त्याआधी शेडचा आवाज कमी होतो. नेहमी शेडमध्ये वावरणाऱ्याला ही शांतता लगेच जाणवते. पाणी आणि खाद्य कमी जाते. डोके आणि पापण्या सुजतात, तुरा आणि चोचीखालची लोंबती कातडी निळी-जांभळी पडते, पायांच्या पिसे नसलेल्या भागावर लाल ठिपके दिसतात, नाकातून स्राव येतो, हिरवट हगवण लागते, मान वाकडी होते. लेयरमध्ये अंडी एकदम घटतात, मऊ कवचाची येतात.

यातली बरीच लक्षणे राणीखेतमध्येही दिसतात. नुसते पाहून दोन्हींत फरक सांगता येत नाही, अनुभवी डॉक्टरलाही नाही. राणीखेतची लस झाली आहे म्हणून ‘हे काहीतरी वेगळे असेल, बघू दोन दिवस’ असे म्हणणे जसे चुकीचे, तसेच ‘राणीखेतच आहे’ म्हणून पुन्हा लस पाजणेही चुकीचे.

यासाठी रोजची नोंद हवी : मरतूक, पाण्याचे मीटर किंवा टाकीची पातळी, खाद्याची पोती, अंडी. ठोकताळा असा ठेवा : पाणी किंवा खाद्य नेहमीपेक्षा २० टक्क्यांहून अधिक घटले, अंडी सलग दोन दिवस ५ टक्क्यांहून अधिक घटली, किंवा आठवड्याची मरतूक ३ टक्क्यांच्या वर गेली आणि कारण सापडत नाही, तर फोन करायची वेळ झाली. एका रात्रीत मर दुप्पट-तिप्पट झाली असेल तर आठवडा पूर्ण होण्याची वाट पाहू नका.

संशय आला तर पहिला दिवस

फाटक बंद करा. पक्षी, अंडी, खाद्य, ट्रे, खत यांपैकी काहीही बाहेर जाणार नाही आणि बाहेरचे कोणी आत येणार नाही. मजुरांना थांबवून घ्या. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. १९६२ या क्रमांकावरही कळवता येते. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ नुसार अशा रोगाचा संशय कळवणे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे.

मेलेली कोंबडी स्वतः फाडून पाहू नका आणि फार्मवर शवविच्छेदन करू देऊ नका. त्याने विषाणू सगळीकडे पसरतो आणि करणाऱ्यालाही धोका असतो. पिशवीत घालून प्रयोगशाळेत स्वतः घेऊन जाण्याचा खटाटोपही नको. नमुने विभागाचे कर्मचारी घेतात. निश्चित निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. अहवाल येईपर्यंतचे दिवस कठीण असतात. मेलेले पक्षी दुहेरी पिशव्यांत, हातमोजे-मास्क घालून गोळा करा आणि अधिकारी सांगतील तिथेच ठेवा.

याच दिवसांत एक मोह होतो, आणि नुकसानीचा मोठा भाग त्यातूनच घडतो. मर वाढते आहे, उरलेला माल चांगला दिसतो आहे, व्यापारी निम्म्या भावात रात्रीतून उचलायला तयार आहे. तो टेम्पो विषाणू घेऊन पाच-पंचवीस दुकानांत जाईल, आणि त्याच दुकानांतले क्रेट उद्या तालुक्यातील इतर फार्मवर जातील. पण शेजाऱ्याचा विचार बाजूला ठेवून निव्वळ स्वतःचा हिशेब केला तरी हा सौदा वाईट आहे.

नुकसानभरपाईचा हिशेब

अहवाल बर्ड फ्लूचा आला तर बाधित ठिकाणापासून १ किलोमीटर परिघातील पक्षी मारले जातात आणि त्यापुढे १० किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवली जाते. मारलेले पक्षी, नष्ट केलेली अंडी आणि खाद्य यांची भरपाई मिळते. तिचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. सरकारी कारवाईआधी स्वतःहून मेलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळत नाही.

२०२१ मध्ये राज्यात जाहीर झालेले दर असे होते : आठ आठवड्यांपर्यंतच्या अंड्यांवरील पक्ष्याला २० रुपये, त्यापुढे ९० रुपये, ब्रॉयलर सहा आठवड्यांपर्यंत २० रुपये, त्यापुढे ७० रुपये, अंड्याला ३ रुपये, खाद्याला किलोमागे १२ रुपये. दर बदलतात, त्यामुळे चालू दर आपल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून विचारून घ्या. हिशेब समजण्यासाठी मात्र हेच घेऊ. समजा तुमच्याकडे मोठ्या वयाच्या ५,००० लेयर आहेत. दुसऱ्याच दिवशी कळवले आणि कारवाईपर्यंत ८०० मेल्या, तर ४,२०० पक्ष्यांचे ३ लाख ७८ हजार रुपये होतात. चार दिवस ‘बघू’ म्हणत थांबलात आणि ३,५०० मेल्या, तर १,५०० पक्ष्यांचे १ लाख ३५ हजार. दोन्ही रकमा पक्ष्याच्या खऱ्या किमतीपेक्षा कमीच आहेत, आणि शेतकऱ्यांची ही तक्रार रास्त आहे. पण दोन लाख ४३ हजारांचा फरक पडतो तो फक्त फोन केव्हा केला यावर.

भरपाईसाठी पक्ष्यांची संख्या सिद्ध करता आली पाहिजे. पिल्ले घेतल्याची पावती, रोजची मरतूक नोंद, खाद्याची बिले, बँक पासबुक एका फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल शेडमध्ये न ठेवता घरी ठेवा. करार पद्धतीने ब्रॉयलर पाळत असाल तर पक्षी कंपनीच्या मालकीचे असतात. भरपाई कोणाच्या नावावर जाईल आणि तुमच्या मजुरीचे काय, हे करारात काय लिहिले आहे ते आजच वाचून घ्या. बहुतेकांनी तो कागद सही केल्यानंतर पुन्हा उघडलेला नसतो.

माणसांना धोका

माणसाला हा रोग क्वचित होतो, पण झाला तर गंभीर असतो. भारतात २०२१ मध्ये हरियाणातील ११ वर्षांच्या मुलाचा आणि २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील दोन वर्षांच्या मुलीचा एच५एन१ने मृत्यू झाला. म्हणून आजारी पक्ष्यांजवळ मुलांना जाऊ देऊ नका. मेलेले पक्षी हाताळणाऱ्याने मास्क, हातमोजे, चष्मा वापरावा, आणि नंतरच्या दहा दिवसांत ताप, खोकला, धाप, डोळे लाल होणे असे काही झाले तर डॉक्टरांना ‘कोंबड्यांमध्ये होतो’ हे आधी सांगावे.

नीट शिजवलेले चिकन आणि अंडी खाण्यात धोका नाही. ७० अंशांच्या वर सर्व भाग शिजला की विषाणू उरत नाही, आणि आपला रस्सा त्याच्या कितीतरी पुढे उकळतो. कच्चे किंवा अर्धवट उकडलेले अंडे मात्र प्रादुर्भावाच्या काळात टाळा. कच्चे चिकन कापलेला विळा आणि पाट धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नका.

पुन्हा पिल्ले भरताना

कारवाईनंतर शेड, गोदाम, पाण्याची लाइन आणि आवार यांची सफाई विभागाच्या देखरेखीखाली होते, आणि निर्जंतुकीकरणाचे प्रमाणपत्र व परवानगी मिळाल्याशिवाय नवी बॅच आणता येत नाही. या रिकाम्या काळात हप्ते चालू असतात, त्यामुळे घाई होते. पण दुरुस्तीची खरी संधी हीच. जाळी, ओटा, कुंपणाला लागून खाद्याची खोली, मरतुकीचा झाकणाचा खड्डा ही कामे पक्षी नसतानाच नीट होतात. बँकेकडे कर्जाच्या हप्त्यांची फेररचना लेखी मागा, सोबत पंचनाम्याची प्रत जोडा. पिल्ले घेताना हॅचरी कोणत्या भागात आहे आणि तिथे निर्बंध आहेत का हे विचारा, आणि एकापेक्षा जास्त शेड असतील तर पहिली बॅच एकाच शेडमध्ये घ्या.